कुठला रिपो आधी उघडू?

पत्र: ताई, मी हिशेब विभागात काम करते. पायथन बऱ्यापैकी जमतं, म्हणजे फाइल वाचणं, तक्ते जुळवणं, छोट्या स्क्रिप्ट लिहिणं. आता कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते समजून घ्यायचंय आणि मशीन लर्निंगही शिकायचंय. गिटहबवर स्टार करून ठेवलेल्या प्रकल्पांची, म्हणजे रिपोंची, यादी वाढतच चाललीय: नँड-टू-टेट्रिस, एक्सव्ही-सिक्स, मायक्रोग्रॅड, मिनीटॉर्च, टायनीग्रॅड, नॅनोजीपीटी, सायकिट-लर्न, फास्ट एआय. ज्याचं पहिलं पान वाचावं तोच खरा वाटतो आणि चार दिवसांनी मी दुसराच उघडून बसलेली असते. कोणी म्हणतं पाया पक्का कर, लॉजिक गेटपासून सुरुवात कर. कोणी म्हणतं थेट मॉडेल ट्रेन कर. लॅपटॉप साधा आहे, रॅम ८ जीबी, जीपीयू नाही. आठवड्याला आठेक तास निघतात. ज्याला जास्त स्टार तो चांगला असं धरू का? आणि शिकता शिकता यातल्या एखाद्यात योगदान देता येईल का?
– गोंधळलेली वाचक

उत्तर:

स्टारचा विषय आधी निकालात काढू. स्टार म्हणजे ‘नंतर बघू’ अशी खूण, आणि ते ‘नंतर’ किती वेळा उगवलं हे तुमची यादीच सांगते आहे. एखाद्या नावाची चर्चा झाली एवढं स्टारवरून कळतं. किती जणांनी तो प्रकल्प शेवटपर्यंत नेला हे कळत नाही. शेवटचा कमिट, म्हणजे कोडमधला बदल, कधीचा आहे हा निकषही असाच फसवा. रोजच्या कामात वापरायची लायब्ररी वर्षभर हलली नसेल तर जरूर काळजी करावी, पण मायक्रोग्रॅडसारखा शिकवण्यासाठी लिहिलेला रिपो शांत पडून असतो कारण त्याचं काम पूर्ण झालेलं असतं. तिथे फक्त एक बघायचं: सांगितलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्या जुन्या असतील तर त्यासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा) करायचं. नाहीतर पहिली संध्याकाळ इन्स्टॉलशी भांडण्यातच जाते आणि दोष विषयाला दिला जातो.

मी शिकण्याचे प्रकल्प एकाच मापाने मोजते. यात मला लिहायला काय शिल्लक ठेवलंय, आणि मी चुकले तर ते मला कोण सांगणार? या मापाने बघितलं की तुमच्या यादीत वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र झाल्यात हे लगेच दिसतं. नँड-टू-टेट्रिस, मिनीटॉर्च आणि एक्सव्ही-सिक्सवर आधारलेले प्रयोग हे मुद्दाम जागा रिकाम्या ठेवून बांधलेत. मायक्रोग्रॅड आणि नॅनोजीपीटी पूर्ण आहेत, पण एका बैठकीत वाचून होतील इतके छोटे. सायकिट-लर्न आणि टायनीग्रॅड काम करून घेण्यासाठी आहेत. फास्ट एआयमध्ये लायब्ररी वेगळी आणि तिच्यासोबतचा अभ्यासक्रम वेगळा. या सगळ्यांची एका रांगेत तुलना केली तर कुठलाच जिंकत नाही, म्हणून तुम्ही दर चार दिवसांनी पक्ष बदलता.

आता ‘गेटपासून की मॉडेलपासून’. तुमच्या पत्रात दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि लोकांनी तुम्हाला त्यांची शिडी करून दिली आहे. मॉडेल ट्रेन करायला एएलयू (प्रोसेसरमधला गणित करणारा भाग) समजलाच पाहिजे असं काही नाही. बॅकप्रोपगेशनला, म्हणजे मॉडेलच्या चुकीत कुठल्या आकड्याचा किती वाटा ते उलटं चालत काढायला, लागतो तो साखळी नियम, बारावीच्या कॅल्क्युलसमधला. उलट प्रोसेसर सूचना कशी वाचतो हे मॉडेल कितीही ट्रेन केली तरी आपोआप उमगणार नाही. पाया पक्का करायला म्हणून सहा महिने गेट जोडत बसलात आणि मनात मशीन लर्निंग असेल, तर गेटही अर्धवट राहतील आणि मॉडेलही. दोन्ही करा, पण एकाला दुसऱ्याची पूर्वअट करू नका, आणि एका वेळी हातात एकच ठेवा.

तुम्ही रोज तक्त्यांशी खेळता, म्हणून मी सुरुवात सायकिट-लर्नपासून करायला सांगेन. तो शिकण्याचा प्रकल्प नाही असं मी वर म्हटलं ते खरंच आहे. २००७ मध्ये गूगलच्या उन्हाळी उपक्रमात तो सुरू झाला, २०१० मध्ये पहिली जाहीर आवृत्ती आली, आणि आज त्याचा आतला कोड वाचणं नवशिक्याच्या कामाचं नाही. वेगासाठी त्यातला काही भाग सायथनमध्ये (पायथनसारख्या, पण जलद चालणाऱ्या भाषेत) लिहिलेला आहे. पण त्याचं यूझर गाइड हे मला माहीत असलेल्या सर्वांत प्रामाणिक तांत्रिक लिखाणांपैकी एक आहे. पद्धत कुठे चालते हे सांगताना कुठे चालत नाही हेही ते सांगतं. शिवाय जीपीयूची गरज नाही, आणि सरावाचा डेटा लायब्ररीतच येतो.

त्यातला स्तनाच्या कर्करोगाचा डेटा घ्या. ५६९ नोंदी, प्रत्येकीचे ३० गुणधर्म. ३५७ गाठी साध्या, २१२ घातक. आता काहीही न शिकता प्रत्येक गाठीला ‘साधी’ म्हणणारं मॉडेल बनवा. त्यासाठी डमी क्लासिफायर नावाची सोयच आहे. अचूकता येते जवळजवळ ६३ टक्के, आणि एकही घातक गाठ सापडत नाही. अचूकतेच्या आकड्यावर लगेच खूश व्हायचं नाही हे एकदा असं डोळ्यांनी बघितलं की पुढे कुठल्याही मॉडेलच्या जाहिरातीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. मग दुसरा प्रयोग: स्केलिंग (सगळे रकाने एका मापात आणणं) आधी सगळ्या डेटावर करून नंतर ट्रेन-टेस्ट, म्हणजे शिकवायचा आणि तपासायचा, असे भाग पाडा, आणि मग तेच पाइपलाइनच्या आत, फक्त ट्रेनिंगच्या भागावर शिकवून करा. इथे आकड्यात फार फरक दिसणार नाही कदाचित. पण गुणधर्म निवडण्याची पायरी अशीच बाहेर आधी करून बघा, तीही निव्वळ यादृच्छिक आकड्यांचे हजारो रकाने घेऊन. ज्या डेटात काहीच अर्थ नाही त्यावरही मॉडेल झकास गुण मिळवताना दिसेल. टेस्टचा डेटा ट्रेनिंगमध्ये झिरपणं म्हणतात ते हे. हिशेबात काम करणाऱ्या माणसाला याची चीड आपोआप यावी: ताळेबंद तपासणाऱ्याला उत्तर आधीच दाखवण्यातला प्रकार आहे हा.

यावर तीन-चार आठवडे द्या आणि थांबा. इथे रेंगाळण्याचा धोका असतो, कारण ‘फिट’ आणि ‘प्रेडिक्ट’ या दोन शब्दांत सगळं होतं आणि आत काय चाललंय ते विचारायची गरजच पडत नाही.

मग मायक्रोग्रॅड. तुमच्या यादीतला माझा सर्वांत लाडका रिपो हाच. एआय संशोधक आंद्रेई कारपाथी यांनी २०२० मध्ये लिहिलेला. ग्रेडियंट (एखादी संख्या हलवली की उत्तर किती हलतं ते) काढणारं इंजिन जेमतेम शंभर ओळींचं आणि त्यावरची न्यूरल नेटवर्कची लायब्ररी पन्नासेक ओळींची. प्रत्येक संख्या ही एक वस्तू, तिच्यापाशी तिची किंमत, तिचा ग्रेडियंट, आणि ती कुठल्या संख्यांपासून कशी बनली याची नोंद. शेवटच्या आकड्यापासून उलटं चालत यायचं आणि प्रत्येकीला तिचा वाटा पोचवायचा, की झालं बॅकप्रोपगेशन. पायटॉर्च ही मशीन लर्निंगची लायब्ररी मोठ्या प्रमाणावर करते ते मुळात हेच.

पण त्यात रिकामी जागा नाही. कोड पूर्ण आहे, देखणा आहे, आणि वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. तेच घातक. म्हणून रिकामी जागा तुम्ही करा: एकदा शांतपणे वाचा, मग इंजिनची फाइल पुसून टाका आणि कोऱ्या फाइलवर स्वतः लिहा. रिपोमध्ये टेस्ट आहेत, त्या तुमची उत्तरं पायटॉर्चच्या उत्तरांशी पडताळतात. (त्यासाठी पायटॉर्चची सीपीयूवाली आवृत्ती बसवावी लागेल, तुमच्या लॅपटॉपवर ती निवांत चालते.)

कुठे अडाल तेही सांगते. समजा ए ही संख्या ३ आहे आणि बी = ए + ए. ए थोडी हलवली तर बी दुप्पट हलते, म्हणजे ग्रेडियंट २ यायला हवा. बेरजेच्या उलट्या पायरीत तुम्ही ग्रेडियंट साठवताना ‘=’ लिहिलंत तर उत्तर १ येईल, कारण दोन्ही बाजूंनी आलेला वाटा एकाच डब्यात जातो आणि दुसरा पहिल्याला पुसून टाकतो. तिथे ‘+=’ हवं. बरं, ‘+=’ केलं की दुसरी भानगड उभी राहते: मागच्या फेरीचे ग्रेडियंट तसेच साचून राहतात, म्हणून प्रत्येक फेरीआधी ते शून्य करावे लागतात. पायटॉर्चच्या प्रत्येक उदाहरणात दिसणारी ‘झिरो ग्रॅड’ची ओळ लोक मंत्रासारखी पाठ करतात. ती तिथे का आहे हे तुम्हाला एका संध्याकाळी कळेल, आणि कळल्यावर ती विसरता येणार नाही.

टेस्ट नसतील तेव्हाही पडताळायची एक युक्ती आहे. ज्या संख्येचा ग्रेडियंट काढलाय ती ०.०००१ ने वाढवा, उत्तर किती बदललं ते बघा, आणि त्याला ०.०००१ ने भागा. वरच्या उदाहरणात बी ०.०००२ ने वाढेल, म्हणजे २. तुमच्या कोडचं उत्तर याच्या आसपास नसेल तर कोड चुकलाय. पुढे कुठलाही गुंतागुंतीचा थर लिहाल तेव्हा हा उपाय उपयोगी पडेल.

मायक्रोग्रॅड फार हळू चालतं हे लवकरच जाणवेल, कारण एकेका आकड्यामागे एकेक पायथनची वस्तू आहे. तिथून पुढचा प्रकल्प म्हणजे मिनीटॉर्च. कॉर्नेल टेकमधल्या साशा रश यांच्या अभ्यासक्रमासाठी तो बनवलाय आणि माझ्या मापावर तुमच्या यादीत तोच सर्वांत वर आहे. पाच टप्पे. फंक्शनची नावं दिलेली, आतला भाग तुमच्यासाठी मोकळा, आणि प्रत्येक कामासाठी वेगळ्या टेस्ट. त्या टेस्टही चतुर आहेत. ‘हा आकडा दिला तर तो आकडा यावा’ एवढ्यावर न थांबता त्या गुणधर्म तपासतात: सिग्मॉइड या फंक्शनचं उत्तर शून्य ते एकच्या बाहेर जाता कामा नये, शून्याला ते अर्धं यावं, इनपुट वाढलं तर उत्तर कमी होऊ नये. आकडे टेस्टच निवडते, त्यामुळे ठरावीक उदाहरणापुरता कोड रेटून नेता येत नाही.

त्यातला टेन्सरचा, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचा, टप्पा सावकाश करा. तीन ओळी आणि चार स्तंभांचा तक्ता मेमरीत बारा आकड्यांची एक सरळ रांग म्हणून असतो. पुढच्या ओळीत जायला चार घरं, पुढच्या स्तंभात जायला एक घर. या उड्यांना स्ट्राइड म्हणतात. आता तक्ता आडवा-उभा फिरवायचा असेल तर एकही आकडा हलवायचा नाही, फक्त (४, १) या उड्या (१, ४) अशा उलटवायच्या, आणि आकारही तीन-चारचा चार-तीन करायचा. नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) तक्ता इतक्या झटकन कसा फिरवतो, आणि फिरवलेल्या तक्त्यात बदल केला की मूळ तक्ताही का बदलतो, या दोन्हींचं उत्तर इथे आहे. चौथ्या टप्प्यात, म्हणजे त्यांच्या शून्यापासूनच्या क्रमांकाने तिसऱ्यात, थोडा भाग जीपीयूसाठी आहे. तेवढ्यापुरतं एखादं फुकट मिळणारं ऑनलाइन नोटबुक वापरा. लॅपटॉप बदलायची गरज नाही.

नॅनोजीपीटी यानंतर उघडा. मॉडेलची फाइल सुमारे तीनशे ओळींची, ट्रेनिंगची तेवढीच. मिनीटॉर्च करून आलात तर ती वाचताना अनोळखी असेल फक्त अटेन्शनचा (आधीच्या मजकुरातल्या कशाकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवणारा) भाग, बाकी सगळे जुने मित्र. पहिल्या पानावरचं जीपीटी-२ पुन्हा घडवण्याचं उदाहरण बघून मात्र हुरळून किंवा खचून जाऊ नका. त्याला आठ ए-१०० जीपीयू आणि सुमारे चार दिवस लागतात. तुमच्यासाठी खालचं उदाहरण आहे: शेक्सपिअरच्या मजकुराची ११ लाखांच्या आसपास अक्षरांची फाइल, एकूण ६५ वेगवेगळी चिन्हं, चार थरांचं पिटुकलं मॉडेल. सीपीयूवरही थोड्या मिनिटांत ते नाटकासारखं दिसणारं काहीतरी बडबडू लागतं. मराठी मजकूर देऊन बघणार असाल, आणि बघालच, तर एक लक्षात ठेवा: पायथनच्या लेखी ‘क्षि’ हे एक अक्षर नाही, चार आहेत. क, हलन्त, ष आणि वेलांटी. मॉडेलला सुरुवातीला मात्रा कशाला चिकटवायच्या हेच शिकावं लागतं, आणि आधीच्या फेऱ्यांत ते हवेत तरंगणाऱ्या वेलांट्या छापतं. कारपाथी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅनोचॅट आणलं, त्यात ट्रेनिंगपासून गप्पांच्या खिडकीपर्यंत सगळं आहे, पण ते बरंच मोठं आहे आणि साध्या लॅपटॉपसाठी नाही. त्याला सध्या स्टारही करू नका.

टायनीग्रॅडचं थोडक्यात. जॉर्ज हॉट्झ यांनी २०२० मध्ये सुरू केलं तेव्हा एक हजार ओळींची मर्यादा घालून घेतली होती, आणि ‘छोटं म्हणून शिकायला सोपं’ ही त्याची ख्याती तेव्हाची. आज तो कंपायलरसारखा प्रकल्प आहे. गणितं लगेच न करता साठवतो, एकमेकांत मिसळतो आणि हार्डवेअरनुसार कोड तयार करतो. विषय फार सुंदर, पण तुमच्यासाठी आत्ता नाही. कोड इतक्या वेगाने बदलतो की मागच्या महिन्यातलं स्पष्टीकरण या महिन्याच्या फाइलला लागू पडत नाही.

फास्ट एआयचा अभ्यासक्रम वरून खाली येतो: पहिल्याच धड्यात चित्रं ओळखणारं मॉडेल, सिद्धान्त मागाहून. ज्यांना काहीतरी चालताना दिसल्याशिवाय उत्साह टिकत नाही त्यांना तो खरोखर मानवतो. तुमचं पत्र वाचून मला तुम्ही त्यातल्या वाटत नाही. तुम्हाला ‘आत काय आहे’ हे सतावतं. हा माझा अंदाज. चुकीचा वाटला तर पहिला धडा बघून ठरवा, दोन तासांत कळेल.

राहिली कॉम्प्युटरची बाजू. इथे मी निःशंकपणे नँड-टू-टेट्रिस सांगेन. नोम निसान आणि शिमॉन शॉकेन यांचा हा प्रकल्प, आणि त्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे सहा प्रकल्प, सध्या पुरे. हातात दिला जातो नँड गेट (दोन्ही इनपुट १ असतील तरच ० देणारा), आणि पुढे मेमरीसाठी फ्लिप-फ्लॉप. त्यातून पहिल्याच प्रकल्पात पंधरा गेट तुम्ही बनवायचे, मग बेरीज करणारे सर्किट, एएलयू, एका बिटपासून वाढत जाणारी मेमरी, आणि शेवटी १६ बिटांचा हॅक नावाचा कॉम्प्युटर. सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो. तुमच्या सर्किटचं उत्तर तो अपेक्षित तक्त्याशी ओळीओळीने ताडून बघतो आणि कुठल्या ओळीवर बिनसलं ते सांगतो. हिशेब जुळवणाऱ्या माणसासाठी याहून ओळखीची पद्धत नसेल.

त्यात एक गंमत येते. हॅकच्या एएलयूला गुणाकार येत नाही. चौथ्या प्रकल्पात दोन संख्यांचा गुणाकार करायला तुम्हाला असेंब्लीमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत, बेरजेचा लूप लिहावा लागतो. पायथनमधल्या एका ताऱ्याच्या चिन्हाखाली किती काय दडलेलं असू शकतं याचा अंदाज तिथे येतो. सहाव्या प्रकल्पातला असेंब्लर (त्या सूचनांचं बिटांत रूपांतर करणारा प्रोग्राम) तुम्ही पायथनमध्ये लिहू शकाल, तो तुम्हाला सोपा जाईल. फाइल वाचून ओळी फोडणं तुम्ही रोजच करता.

या प्रकल्पाची मर्यादाही लक्षात घ्या. हॅकमध्ये इंटरप्ट (चालू काम मधेच थांबवण्याची सोय) नाहीत, कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) नाही, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात तुम्ही लिहाल ती ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे खरं तर मदतीच्या फंक्शनांचा संच आहे. एका वेळी अनेक प्रोग्राम किंवा फाइल सिस्टीम त्यात नाही. यातलं बहुतेक एक्सव्ही-सिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवरून एमआयटीमध्ये २००६ साली शिकवण्यासाठी तो नव्याने लिहिला गेला, आता रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालतो, आणि कोड दहा हजार ओळींच्या आत आहे. लिनक्सच्या कोट्यवधी ओळींपुढे हे वाचण्याजोगं आहे. एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालत असल्याने तुमचा लॅपटॉप पुरतो, आणि एमआयटीच्या प्रयोगांसोबत गुण देणारी स्क्रिप्टही येते. अडचण एकच: सी भाषा. पॉइंटर (मेमरीतल्या पत्त्यांशी काम करणं) हाताशी नसताना इथे शिरलात तर पेज टेबल (मेमरीचे पत्ते जुळवणारा तक्ता) समजलं नाही की सी समजली नाही हे कळणारच नाही. त्यात वर हा गडी एम्युलेटरमध्ये एरवी तीन सीपीयूंवर चालतो. एका सीपीयूवर शहाण्यासारखा वागणारा कोड तिथे कधी कोसळतो, कधी नाही. सी शिकून मग या. तोवर यादीतून काढा.

शिकताना एआय मदतनीस वापरावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. एरर समजावून घ्यायला, ‘माझं उदाहरण कुठे चुकतंय’ विचारायला खुशाल वापरा. रिकामी जागा त्याच्याकडून भरून घेऊ नका. मिनीटॉर्चची आणि नँड-टू-टेट्रिसची उत्तरं त्याला सहज येतात, टेस्ट हिरव्या होतील आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

योगदानाबद्दल. शिकवण्याचे छोटे रिपो त्यासाठी चुकीची जागा आहेत. मायक्रोग्रॅडमध्ये नवं काही घालणं म्हणजे त्याचं छोटेपण घालवणं. तिथे सापडलेली सुधारणा स्वतःच्या फोर्कमध्ये, म्हणजे प्रतीत, करा. तो एमआयटी परवान्याखाली आहे, त्यामुळे मूळ परवान्याची फाइल कायम ठेवलीत की प्रत जाहीर करायला अडचण नाही. अभ्यासक्रमांच्या सोडवलेल्या उत्तरांचं तसं नसतं. ती उघड्या रिपोमध्ये टाकण्याआधी त्या अभ्यासक्रमाचं म्हणणं वाचा. खरं योगदान द्यायची जागा सायकिट-लर्न. तिथे नवख्यांसाठी वेगळं लेबल लावलेले मुद्दे कधीकधी असतात, पण त्यांच्यावर उड्या पडतात, म्हणून तुम्ही दुसऱ्या दाराने जा. वापरताना डॉक्युमेंटेशनमधलं एखादं वाक्य संदिग्ध वाटेल किंवा उदाहरण दिल्याप्रमाणे चालणार नाही, तेव्हा ते दहा-पंधरा ओळींत, त्यांच्याच सरावाच्या डेटावर पुन्हा घडवून दाखवा, सोबत आवृत्तीचा क्रमांक द्या, आणि आधी तसाच मुद्दा कोणी मांडलाय का ते शोधून मगच नवा उघडा. असा मुद्दा लिहिता येणाऱ्या माणसाची प्रकल्प सांभाळणाऱ्यांना कोड लिहिणाऱ्याइतकीच गरज असते.